तुमचा जुना पंप माझ्या खणात आहे : जुन्या गाड्यांच्या शौकिनांना खुले पत्र

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, पुणे, मुंबई इथल्या जुन्या गाड्यांच्या तमाम शौकीन मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावचा. उद्यमबागेत माझं लेथचं लहान वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या काळातलं एक शेपर आणि पावसाळ्यात तीन ठिकाणी गळणारं पत्र्याचं छप्पर. पोट चालतं ते हायड्रॉलिकच्या फिटिंगांवर. जुन्या गाड्यांचं काम येतं दिवाळीनंतर, तुमच्या रॅल्यांचा मोसम लागला की. कुणाचे किंगपिनचे बुश झिजलेले असतात, कुणाला दात तुटलेल्या गिअरची नक्कल हवी असते. त्या कामात पैसा फारसा नाही. तरी मी ते परत पाठवत नाही, कारण मीही तुमच्यातलाच आहे.

तुमच्यातला म्हणजे कसा, ते सांगतो. टीव्हीवर जुना सिनेमा लागला की नायक-नायिका मरीन ड्राइव्हवर गाणं म्हणत असतात आणि मी त्यांच्या मागून गेलेली गाडी ओळखत असतो. ती लँडमास्टर होती की पहिली अँबेसिडर? डुक्कर फियाट असेल तर पुढचं दार उलटं, म्हणजे मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडतं का? घरातले वैतागतात. शेवटी नायिकेचं काय झालं ते मला विचारू नका, पण तिला सोडायला आलेल्या गाडीच्या जाळीला किती पट्ट्या होत्या ते सांगतो. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते बाहेरून बोट दाखवणाऱ्याचं लिहिणं समजू नका.

गेल्या डिसेंबरात पुण्याहून एक गृहस्थ आले. फियाट अकराशे डी, साठच्या दशकातली. गाडी बघून डोळे निवले. रंग मूळच्या शेडचा, सीटकव्हरची वीण मूळची, हॉर्नची रिंगसुद्धा कुठून तरी शोधून आणलेली. पाण्याचा पंप गळत होता, एवढंच काम. पंप खोलून टेबलावर घेतला, डिझेलच्या फडक्यानं पुसला आणि माझा हात तिथंच थांबला. बॉडीच्या कडेला एक अक्षर ओतलेलं होतं : देवनागरी 'ग', उलटा. आरशात दिसावा तसा.

तो 'ग' आमच्या आण्णांचा. सत्तरच्या दशकात त्यांनी या पंपाच्या बॉड्या करायला घेतल्या, तेव्हा खूण म्हणून गणपतीचा 'ग' घालायचं ठरलं. शिक्क्यावर अक्षर उलटं कोरलं तर छाप सुलटी येते, तसंच इथंही असणार असं त्यांना वाटलं, म्हणून लाकडी पॅटर्नवर, म्हणजे ओतायच्या वस्तूच्या नमुन्यावर, त्यांनी अक्षर उलटं खिळवलं. पण पॅटर्नची वाळूत उलटी छाप पडते आणि ओतलेलं बीड (ओतीव लोखंड) त्या छापेतून पुन्हा सुलटं निघतं. पॅटर्नवर जसं बसवाल तसंच अक्षर ओतावर येतं. पहिला ओत फोडून पाहिला तेव्हा फौंड्रीत सगळे हसले म्हणे. आण्णा म्हणाले, "असू दे की. आता ही आपलीच खूण झाली. उलटा ग दुसरा कोण घालणार?"

पुण्याच्या पाहुण्यांना मी हे सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी डिकीतून खोकं काढलं. इटलीहून मागवलेला नवा पंप. म्हणाले, "हा बसवून द्या. तो ओरिजिनल नाहीये हो, कुणीतरी लोकल काहीतरी केलंय. भंगारात टाकून द्या." मी नवा पंप बसवला. गॅस्केट कापलं, बोल्ट आवळले, पाणी भरून अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. थेंबसुद्धा गळला नाही. पैसे दिले, कुंदा कुठला चांगला ते विचारलं आणि गेले. माणूस सज्जन, बोलणं गोड. त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्या "लोकल काहीतरी"वर मी आज तीन-चार महिने अडकून पडलोय.

ते लोकल काहीतरी कसं व्हायचं ते ऐका. त्या काळी आपल्या रस्त्यावर मोटारी करणारे कारखाने मुख्यतः तीन : उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. बाहेरून माल आणायचा तर लायसन्स. गाडी मिळाली तरी सुटा भाग मिळेलच असं नाही; बेळगावसारख्या गावात तर मुंबईचा उरलासुरला माल यायचा. लग्नाचा मोसम तोंडावर आणि टॅक्सीचा पंप फुटलेला, अशा वेळी मालक आण्णांकडे यायचा. फुटलेल्या पंपाची मापं घ्यायची. बीड थंड होताना फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. जिथं मशीन लागणार तिथं आणखी जाडी सोडायची. पॅटर्न वाळूतून अलगद सुटावा म्हणून कडांना किंचित उतार द्यायचा. आतल्या पोकळीसाठी कोअरची पेटी वेगळी. सागवान कापून, घासून, शेलॅक लावून आण्णा तो पॅटर्न सायकलच्या कॅरिअरला बांधून फौंड्रीत न्यायचे. तिथले मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, कानडी बोलणारे. आण्णांचं कानडी बाजारापुरतं आणि मोल्डरांचं मराठीही तसंच. "हौद्री" (होय हो) आणि बोटांच्या खुणा एवढ्यावर सूत-दोन सुतांचा व्यवहार चालायचा, आणि माप चुकल्याचं मी क्वचितच ऐकलं.

आमच्याकडे ही सवय जुनी आहे. याच जिल्ह्यात गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडीचा कारखाना. परदेशातून आलेली वस्तू आधी दुरुस्त करायची आणि ती करता करता तिचं पोट समजून घ्यायचं, हे या गावाच्या हातात तेव्हापासून आहे. तुमच्या गाड्यांतले लोकल भाग हे त्याच हातांचे.

आता माझं म्हणणं. तुम्ही ज्याला ओरिजिनल म्हणता तो गाडीच्या आयुष्यातला एकच दिवस असतो, ती कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडली तो. त्यानंतर ती चाळीस-पन्नास वर्षं धावली, वरातीत सजली, बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात गेली, निवडणुकीत भोंगा बांधून फिरली. ही सगळी वर्षं तुम्ही पाणी-पेपर लावून घासून काढता आणि त्या एका दिवसावर गाडी परत नेता. इतिहासाची आवड म्हणून हा छंद आहे असं आपण सगळीकडे सांगतो. मग गाडीतला आपल्या लोकांचा इतिहास तेवढा भंगारात का?

नियमाचं कारण कुणी पुढं करेल म्हणून सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत बदल केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. गाडी मूळ रूपात हवी असं त्यात आहे खरं, पण अडवलंय ते चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनातल्या मोठ्या फेरफारांना. पंपाच्या बीडावर उलटा 'ग' आहे म्हणून कुणी नोंदणी नाकारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. या बाबतीत तुम्ही सरकारपेक्षा कडक निघालात!

आणि शंभर टक्के मूळची गाडी आता रस्त्यावर चालवायची तरी कशी? पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. पेट्रोल खेचणाऱ्या जुन्या पंपाचा डायफ्रॅम, पाइप, कार्बोरेटरमधली रबरं याला टिकत नाहीत, फुगतात, तडकतात. आमचा जिल्हा उसाचा. ज्या रस्त्यावर तुमची रॅली उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकते, तोच ऊस कारखान्यात जाऊन तुमच्या टाकीत परत येतो आणि रबर खातो. म्हणजे तुम्ही नवा व्हिटॉनचा डायफ्रॅम बसवता, नवे पाइप घालता, आणि ते सगळं "चालतं, गरज आहे" म्हणून माफ. मग आण्णांनी केलं ते काय होतं? तीही गरजच की.

सिनेमाचं बोलतो, कारण निम्मे शौकीन सिनेमातूनच या नादाला लागलेत. १९५८ हे साल घ्या. मुंबईत किशोरकुमार, अशोककुमार आणि अनूपकुमार या तिघा भावांचा 'चलती का नाम गाडी' आला. गॅरेज चालवणारे तीन भाऊ आणि त्यांची खटारा मोटार. त्याच साली बंगालीत ऋत्विक घटकांचा 'अजांत्रिक' आला. छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखात बिमल नावाचा ड्रायव्हर आपली मोडकळलेली शेवरोलेट टॅक्सी चालवतो, तिला जगद्दल म्हणतो, तिच्याशी बोलतो, लोकांनी वेड्यात काढलं तरी सोडत नाही. दोन्ही सिनेमांतल्या गाड्यांवर तुमच्यात रात्र-रात्र चर्चा होते. कोणतं मॉडेल, कोणतं साल, चाकाच्या काड्या लाकडी की लोखंडी. पण या दोन गाड्या आपल्या मनात राहिल्या त्या त्यांच्या खटारेपणामुळे. जगद्दल चकाचक पॉलिश करून उभी केली असती तर घटकांचा सिनेमा तिथंच संपला असता. शेवटी ती भंगारात जाते आणि एक लहान मूल तिचा हॉर्न वाजवत बसतं. ते दृश्य मी कधी थांबवून पाहिलेलं नाही. थांबवून बघण्यासारखं ते नाहीच.

माझे मामा टॅक्सी चालवायचे. अँबेसिडर मार्क टू. सिनेमात गाडी तर सगळेच बघतात, आमच्याकडे गाडीत सिनेमा असायचा. नवा खेळ शुक्रवारी लागायचा आणि बऱ्याचदा गुरुवारी दुपारी मामा कोल्हापुराहून रिळांच्या पेट्या घेऊन निघायचे. पत्र्याच्या पेट्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, वजन असं की दोन माणसांनी उचलायच्या. हजार फुटांचं रीळ पडद्यावर अकरा मिनिटं चालतं, म्हणजे अख्ख्या सिनेमाला पंधरा-सोळा रिळं. तवंदीचा घाट चढायचा, पुढं वंटमुरीचा. एप्रिल-मे असला की तिथं हमखास इंजिन तापून पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची आणि गाडी बसायची. मामा बॉनेट उघडून पंपाला ओलं फडकं गुंडाळायचे, बिडी ओढायचे, फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचे. इकडे थेटरचा मॅनेजर घड्याळाकडे बघत उभा. एकदा पेट्या खेळ सुरू व्हायला दहा मिनिटं असताना पोहोचल्या आणि मामांना बाल्कनीत फुकट बसवलं. ते पहिल्या गाण्यालाच झोपले.

त्या गाडीच्या डिकीत पत्र्याला खड्डे पडले होते. चार-चारच्या जोड्यांनी, पेट्यांचे कोपरे जिथं आदळायचे तिथं. लहान असताना आम्ही त्या खड्ड्यांत गोट्या बसवायचो. नव्वदच्या दशकात मामांनी गाडी वजनावर विकली.

दोन वर्षांपूर्वी एका रॅलीत तशीच मार्क टू दिसली, आमच्याच भागातून नेलेली. मालकांनी अभिमानानं डिकी उघडून दाखवली. आत जाड गालिचा, चारी बाजूंनी घट्ट बसवलेला. मी उगाच हात दाबून पाहिला. खाली सगळं सपाट लागलं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासलेलं. ती मामांची गाडी नव्हती, असणार तरी कुठून. पण तिच्या डिकीत काय काय वाहिलं गेलं असेल ते आता कुणाला कळणार नाही.

नंबर प्लेटांचंही तसंच. आम्ही सीमाभागातले लोक. आमच्याकडे नंबर प्लेट म्हणजे कागदपत्र असतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्याच तारखेला म्हैसूरचं कर्नाटक झालं. पुढं केए बावीस, चिकोडीकडे केए तेवीस. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या घरची लँडमास्टर माझ्याकडे आली होती, तिच्या मागच्या प्लेटवर रंगाचे पोपडे सुटले होते. वरचा थर उचकटला की खाली म्हैसूरचा 'एमवाय', आणि त्याच्याही खाली अर्धवट पुसलेला आणखी जुना नंबर, मुंबई राज्याच्या काळातला. एका वीतभर पत्र्यावर दोन राज्यं, आणि गाडी मात्र त्याच वाड्यासमोर त्याच झाडाखाली उभी! मी मालकांच्या नातवाला म्हटलं, एवढी तरी जपून ठेव. तो हो म्हणाला. पुढच्या वेळी गाडी आली तेव्हा प्लेट नवी कोरी होती. जुनी पेंटरकडे राहिली, पेंटरनं दुकान बदललं.

तुम्ही मंडळी १९२४ च्या काँग्रेसच्या बेळगाव अधिवेशनाला गांधीजींना कुठल्या मोटारीतून फिरवलं असेल यावर तासभर वाद घालता, आणि घालावाच, ते अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन आमच्या गावचं. फक्त तेवढाच जोर या असल्या वीतभर पत्र्यांसाठीही लावा, असं म्हणतो.

आता माझं सांगतो, म्हणजे हा नुसताच उपदेश करतोय असं वाटायला नको. आण्णा गेल्यावर पॅटर्नची खोली रिकामी केली ती मीच. दीडशे तरी नग असतील. पंपाच्या बॉड्या, मॅनिफोल्ड, ब्रेक ड्रम, ऑइल पंपाची झाकणं. फियाट, अँबेसिडर, हेरॉल्ड, जीप. वाळवी लागायला लागली होती, जागा हवी होती, आणि हे आता कोण विचारणार असं वाटलं. त्या वर्षी आमच्या आंघोळीच्या बंबात सागवान जळत होतं. आई म्हणायची, पाणी कसं लवकर तापतंय बघ. शेलॅकमुळे धुराला वास यायचा. तुम्ही भंगारात टाकता ते निदान बाहेरच्या कुणाचं असतं.

म्हणून गाडी घासायला घ्याल तेव्हा एक कोपरा राहू द्या, डिकीच्या आतला, कुणाच्या नजरेत न येणारा. तिथं रंगाचे सगळे थर असू देत. काढलेला लोकल भाग पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावा : कुठून निघाला, कुठल्या गावची गाडी. कागदपत्रांच्या फायलीत आरसी आणि विम्याच्या मागे एक साधा कागद घाला, त्यावर आधीचे मालक, ड्रायव्हर, मिस्त्री यांची नावं लिहा. त्यातले बरेचसे अजून आहेत. गोवावेसपासून खडेबाजारापर्यंत चालत गेलात तरी पाच-सहा भेटतील. फोन करून वेळ वगैरे मागू नका, सरळ जाऊन बसा. चहा तेच सांगतील. आणि रॅलीला झेंडा दाखवायला पुढाऱ्यांना बोलावता, तसं कधीतरी एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीला पुढच्या सीटवर बसवा. त्याला गाडीचं साल सांगता येणार नाही, खरं तिच्या इंजिनाच्या आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह बसायला आलाय ते बरोबर सांगेल.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला मुंबईतली प्रीमियरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून टॅक्सीतून बाद झाली, तेव्हा तुम्ही सगळे हळहळलात. मीही. नंतर विचार करत बसलो, या गाड्या एवढी वर्षं कुणाच्या जिवावर चालल्या असतील. कुर्ल्याचा कारखाना तर कधीच बंद झाला होता.

पुण्याच्या पाहुण्यांना शेवटचं. तुमचा पंप मी भंगारात टाकलेला नाही. बेअरिंग गेलं होतं, त्यानं गळत होता. बॉडीला काही झालेलं नाही. बेअरिंग आणि सील नवं घातलंय. माझ्या टेबलाच्या डावीकडच्या खणात, ग्रीसच्या कागदात गुंडाळून ठेवलाय. पुढच्या खेपेला याल तेव्हा घेऊन जा. गाडीला बसवा असं म्हणत नाही. डिकीत एका कोपऱ्यात पडून राहू दे. घाटात कधी इटलीवाला रुसला तर चार बोल्टांचं काम आहे.

आपला,
उद्यमबाग, बेळगाव येथील एक लेथवाला